पटावर कोण, आणि कुठल्या रकान्यात

कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोच्या डी अँझा या दोन वर्षांच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात मी पहिल्यांदा गेले ती नोकरी करायची सोय नव्हती म्हणून. साल २०१३. नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून. घरात बसून डोकं भणभणायला लागलं होतं. एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळायला २०१५ चा मे उजाडायचा होता, आणि तीही सरसकट नाहीच. एका मैत्रिणीनं सांगितलं, "अगं, बालविकासाचे कोर्स करून ठेव. उद्या परवानगी आली तर प्रीस्कूलमध्ये तरी लागशील." फी युनिटमागे ३१ डॉलर. जवळच्याच स्टॅनफर्डचे आकडे ऐकून सरावलेल्या कानाला ही छपाईची चूक वाटली. खिडकीवर मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

वर्ग संध्याकाळचा. माझ्या शेजारी एक व्हिएतनामी बाई बसायची, पन्नाशीची. दिवसभर नेल सलॉनमध्ये काम करून यायची, त्यामुळे हातांना ॲसिटोनचा वास. मधल्या सुट्टीत डबा उघडायची, निम्मा खायची, निम्मा झाकून ठेवायची. परतीच्या बसमध्ये भूक लागते म्हणून. ती पूर्व सॅन होजेहून २३ नंबरच्या बसनं यायची, त्याआधी आणखी एक बस. एका बाजूचा प्रवास दीड तासाचा. मी यायचे गाडीनं, आठ मिनिटांत. नोट्स ती दोन रंगांत काढायची, काळ्यात इंग्रजी आणि वर लाल शाईत व्हिएतनामी. माझं इंग्रजी तिच्यापेक्षा बरं होतं, पण लहान मुलांबद्दल तिला माझ्या दसपट कळत होतं. तीन मुलं वाढवली होती आणि आता नातवंडं सांभाळत होती.

कॉलेज दरवर्षी आपल्या विद्यार्थ्यांचा एक पाय चार्ट छापतं. त्यात सगळ्यात मोठी फाक 'एशियन'ची. त्या फाकेत ती आणि मी, दोघी एकाच रंगात.

हा 'एशियन'चा रकाना आतल्या गटांत फोडून दाखवा, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि ती मागणी आधी आपण करावी. आपण म्हणजे भारतातून, त्यातही पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून थेट इथे उतरलेल्यांनी. कारण त्या रकान्याला खुशालीचा रंग चढतो तो आपल्यामुळे, आणि त्या रंगाखाली झाकली जाते ती २३ नंबरची बस.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय हे आपल्या मंडळींना माहीत असतं, पण अर्धवट. गणपतीच्या जेवणाच्या पंक्तीत कुणाचा मुलगा कुठे लागला याची चर्चा निघते, तेव्हा बर्कलीचं नाव मोठ्यांदा घेतलं जातं आणि कम्युनिटी कॉलेजचं आवाज खाली आणून. "सध्या डी अँझाला आहे... दोन वर्षं... मग ट्रान्सफर घेणार आहे." त्या 'मग'मध्ये आईबापांचा सगळा संकोच दडलेला असतो. या कॉलेजांची व्यवस्था समजून घेतली तर संकोचाला जागा राहत नाही. १९६० च्या कॅलिफोर्निया मास्टर प्लॅननं उच्च शिक्षणाच्या तीन पायऱ्या केल्या. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात शाळा संपवणाऱ्यांतला वरचा एक-अष्टमांश, स्टेट युनिव्हर्सिटीत वरचा एक-तृतीयांश, आणि कम्युनिटी कॉलेजांत जो येईल तो. दार उघडं. मार्कांची अट नाही, वयाची नाही. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज निघालं, तिथून ही कल्पना वाढत आली, आणि आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. विद्यार्थ्यांच्या संख्येनं अमेरिकेतली ही सगळ्यात मोठी उच्च शिक्षण व्यवस्था. आपल्याकडे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला निघालं तेव्हा साधारण याच माणसांसाठी निघालं होतं: शिक्षण सुटलेल्यांसाठी, उशिरा परत येणाऱ्यांसाठी, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. फरक इतकाच की इथे मामला रोजच्या वर्गाचा आहे, त्यामुळे सुटलेले आणि न सुटलेले एकाच बाकावर दिसतात.

न सुटलेले म्हणजे कोण? ऐका. कुपर्टिनोत दर तीन माणसांत निदान दोन एशियन. इथल्या हायस्कूलांतली मुलं कॅल्क्युलसचा शाळेतला कोर्स संपवतात आणि पुढचा कोर्स शाळेत नसतो म्हणून उन्हाळ्यात डी अँझाला किंवा शेजारच्या फूटहिलला जातात. हायस्कूलच्या मुलांना बहुधा फीसुद्धा पडत नाही. कॉलेज अर्जात एक ओळ वाढते. माझा मुलगा पुढच्या वर्षी तेच करणार आहे, मी काही वेगळी नाही. पण पटसंख्या मोजताना तो सोळा वर्षांचा पोरगा 'एक' आणि दिवसभर उभं राहून आलेली ती बाईही 'एक'. दोघंही एशियन. एकाचा एक कोर्स सहा आठवड्यांत उरकतो, दुसरीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पाच-सहा वर्षं चालतो. देशभरात कम्युनिटी कॉलेजात शिकणाऱ्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश पार्ट टाइम आहेत. ही गोष्ट एका चित्रात दाखवायची तर डोकी मोजून भागत नाही, तास मोजावे लागतात.

त्यात आणखी एक गंमत. केंद्र सरकारला कॉलेजं जी आकडेवारी देतात तिच्यात परदेशातून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना कुठल्याच वंशाच्या रकान्यात धरत नाहीत, त्यांचा रकाना वेगळा. म्हणजे आमच्या वर्गात औरंगाबादहून एफ-वनवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, आलेली एक मुलगी होती, ती केंद्राच्या हिशेबात एशियन नव्हतीच. तिच्या शेजारची मीही नव्हते, कारण एच-फोरही तात्पुरताच. फी मात्र ती माझ्या कितीतरी पट भरत होती. राज्याच्या व्यवस्थेत त्याहून निराळी तऱ्हा: कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांच्या तक्त्यात 'फिलिपिनो' हा रकाना 'एशियन'पासून वेगळा असतो. मग व्हिएतनामी का नाही? कंबोडियन का नाही? फॉर्म भरताना तर हे सगळं विचारतात. भारतीय, चिनी, जपानी, कोरियन, लाओशियन, कंबोडियन, व्हिएतनामी, सगळ्यांपुढे चौकट असते आणि आपण प्रामाणिकपणे खूण करतो. छापताना सगळ्या चौकटी पुन्हा एका पातेल्यात. माहिती नाही असं मुळीच नाही. ती आहे, आणि बासनात आहे.

हा रकाना आभाळातून पडलेला नाही. आपला त्यातला प्रवास तर वाचण्यासारखा आहे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, सबब नागरिकत्व नाही. मग १९७० च्या जनगणनेत भारतीयांची मोजणी झाली ती गोऱ्यांत! आणि १९७० च्या दशकात भारतीयांच्याच संघटनेनं मागणी केली की आम्हाला अल्पसंख्याकांत मोजा. १९७७ च्या केंद्रीय निर्देशात भारतीय उपखंड एशियन गटात गेला, १९८० च्या जनगणनेत 'एशियन इंडियन' ही चौकट आली. म्हणजे रकान्यात आपण ढकललेलो नाही, अर्ज करून शिरलेलो आहोत. ज्यांनी अर्ज केला त्यांच्यापुढे तेव्हा भेदभाव होता, तो खराच होता. त्यांना नावं ठेवायचं मला कारण नाही. पण पन्नास वर्षांत त्या रकान्याच्या आत काय काय येऊन बसलं ते पाहायला हवं. पंचवीस वर्षांपुढच्या भारतीय वंशाच्या अमेरिकनांत चारांत तिघं पदवीधर. भूतान आणि लाओसहून आलेल्यांत पाचांत एकही पुरता नाही. भारतीय कुटुंबांचं मध्यम उत्पन्न दीड लाख डॉलरच्या आसपास, देशात सगळ्यात वरच्यांत. या दोन टोकांची सरासरी काढली की एक गुळगुळीत, यशस्वी, 'मॉडेल' एशियन तयार होतो, आणि तो कुणाच्याच घरात राहत नाही.

त्या सरासरीचे परिणाम कागदावर थांबत नाहीत. २००७ च्या कायद्यानं एक तरतूद केली: ज्या कॉलेजात दहा टक्के विद्यार्थी एशियन-अमेरिकन किंवा पॅसिफिक बेटांवरचे आहेत आणि गरजूंचं प्रमाण मोठं आहे, त्याला केंद्राचं खास अनुदान. २००८ मध्ये ज्या पहिल्या सहा संस्थांना ते मिळालं त्यांत डी अँझा होतं. तरतूद झाली ती त्या व्हिएतनामी बाईसारख्यांसाठी, इंग्रजी कच्चं असलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या लोकांसाठी. दहा टक्क्यांच्या मोजणीत मात्र इथेच वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या मुलांचीही डोकी धरलेली. २०२५ च्या सप्टेंबरात शिक्षण खात्यानं या टक्केवारीवर आधारलेल्या अनुदानांचे पैसे थांबवले. कारण दिलं की वंशाची टक्केवारी हा निकषच घटनाबाह्य आहे. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, सरळच सांगते. पण "या रकान्यात तर कुपर्टिनोचे लक्षाधीशही आहेत" असा टोमणा कुणी मारला तर त्याला उत्तर देणं जड जातं, आणि ते जड का जातं हे आपल्याला नीट ठाऊक आहे.

माझ्या मंडळींचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: मोजायचंच कशाला? माणूस म्हणून बघा ना. हा सूर ऐकला की मला सांगलीतलं आमचं घर आठवतं. तिथेही "आम्ही जात मानत नाही" असं म्हणणाऱ्यांच्या घरात जातीचा उल्लेख करावा लागत नसे, कारण आजूबाजूला सगळे आपलेच असत. भारतात पूर्ण जातवार जनगणना शेवटची झाली ती १९३१ ला. पुढच्या जनगणनेत जात मोजायचं केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीनं ३० एप्रिल २०२५ ला ठरवलं, तेव्हा इथल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस रडारड चालली होती. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला तेव्हाही तीच. ज्याला मोजणीत काही हरवायचं नसतं त्याला मोजणी खुपत नाही, असं काही मी म्हणणार नाही. पण खुपते ती बहुतेक वेळा वरच्यांनाच, एवढं निरीक्षण नोंदवते.

आणि आपल्याला हा प्रश्न परका वाटायचं कारण नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात नेमकं हेच विचारलं होतं: सरकारच्या तिजोरीत पैसा येतो बहुतांशी रयतेच्या घामातून, आणि त्या पैशावर वरच्या शिक्षणाचा लाभ घेतो कोण? वर्गात कोण बसलं आहे आणि त्या वर्गाचं भाडं कोण भरतंय, या दोन गोष्टी त्यांनी एकाच वाक्यात आणून ठेवल्या. कॅलिफोर्नियात तोच प्रश्न विक्रीकराला लावून बघा. पूर्व सॅन होजेच्या दुकानात खरेदीवर कर भरणारी बाई आणि फुकट उन्हाळी कॅल्क्युलस करणारा माझा मुलगा. हिशेब फुल्यांना समजावून सांगावा लागला नसता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याच्यापुढे मी थबकते. मोजलेलं नाव कुणाच्या हाती पडेल? २००१ च्या एबी ५४० कायद्यानुसार, कॅलिफोर्नियात तीन वर्षं हायस्कूल केलेल्या मुलाला कागदपत्रं नसली तरी स्थानिकाची फी लागते. अशी मुलं या कॉलेजांत आहेत. आजच्या वातावरणात त्यांनी एखादी चौकट रिकामी सोडली तर मी त्यांना दोष देणार नाही. माझ्या तोंडून त्यांना "मोजून घ्या" असं निघणारही नाही. पण एशियन रकाना फोडण्यासाठी नवं काही विचारावं लागत नाही. विचारलेलंच उघडून दाखवायचं आहे, तेही बेरजांत, नावाविना. आणि कुठल्या छोट्या गटाची पाचच माणसं असतील तर ती बेरीज झाकावी, एवढी अक्कल कॉलेजच्या संशोधन विभागाला आधीपासून आहे.

तिसरा प्रश्न: फोडत कुठवर जायचं? 'भारतीय' फोडलं की त्यातही यूबा सिटीच्या पीचच्या बागांत पिढ्या घालवलेले पंजाबी आहेत, हेवर्डकडचे फिजीहून आलेले भारतीय आहेत, ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ऊस तोडायला नेलं होतं. त्यांना माझ्या रांगेत उभं करणं हाही अन्यायच. खरं आहे. वंशाचे तुकडे करत गेलं तर शेवटी प्रत्येक माणूस एक रकाना होईल. म्हणून वंशाच्या चौकटी फोडून थांबू नये. त्यांच्या शेजारी दुसऱ्या मोजपट्ट्या ठेवाव्यात. घरात आधी कुणी कॉलेजला गेलंय का. आठवड्याला किती तास काम. भाड्याचा वाटा किती. पोरं आहेत का, आईबाप सांभाळायचे आहेत का.

हे काही स्वप्नरंजन नाही. पैसे वाटताना राज्य हेच करतं. २०१८ पासून कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉलेजांना निधी देते त्याचं सूत्र ढोबळमानानं असं: सत्तर टक्के पट आणि तासांवर, दहा टक्के निकालावर, आणि वीस टक्के गरिबीवर. पेल ग्रँट, म्हणजे गरजूंना मिळणारी केंद्राची मदत, घेणारे किती, फी माफ झालेले किती, एबी ५४० वाले किती. १९९६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉप २०९ या कायद्यानं सरकारी संस्थांना प्रवेशात वंश बघायला बंदी घातली, आणि हिशेबनीस गरिबीकडे वळले; ती बंदी उठवायचा प्रस्तावही २०२० मध्ये मतदारांनी हाणून पाडला (विरोधकांत आपल्यासारखे एशियन पालक काही कमी नव्हते). म्हणजे तिजोरीच्या खोलीत माणसं उत्पन्नानं मोजली जातात, आणि दर्शनी भिंतीवर लावायच्या चार्टात कातडीच्या रंगानं. मला दोन्ही हवेत, एकमेकांवर ठेवलेले. वंशाची माहिती फेकून द्यायला मी तयार नाही. राज्यभरात या कॉलेजांत निम्म्याच्या जवळपास विद्यार्थी लॅटिनो आहेत आणि ते कुठे अडकतात हे गरिबीच्या आकड्यात पूर्ण दिसत नाही.

दर्शनी चार्टानं काय फरक पडतो, असं नवरा विचारतो. तो आकड्यांतला माणूस, त्याला डॅशबोर्डांचा कंटाळा आहे. पडतो. चार्ट बघून ठरतं की समुपदेशक कुठल्या भाषेचा घ्यायचा, संध्याकाळचे वर्ग किती ठेवायचे, शेवटचा तास बसच्या आधी सुटतो की नंतर. आमच्या वर्गाचा तास रात्री सुटायचा आणि ती बाई नेहमी दहा मिनिटं आधी दप्तर आवरायची. बाईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेनं, पहिल्या महिन्यात ते बेशिस्त समजून एकदा सुनावलं. ती काही बोलली नाही. बस चुकली तर पुढचीसाठी थांब्यावर अंधारात उभं राहावं लागतं, हे सांगायला लागणारं इंग्रजी तिच्याकडे होतं. सांगायची सवय नव्हती. शेवटी मीच सांगितलं. बाई ओशाळल्या. "मला वाटलं, इथेच राहत असतील तुम्ही सगळ्या," त्या म्हणाल्या. डी अँझातले विद्यार्थी मोठ्या संख्येनं सॅन होजेतून येतात. पण कॉलेज कुपर्टिनोत, वर्गात दोन एशियन बायका, त्यामुळे दोघी कुपर्टिनोच्याच, असा ठोकताळा कुणाच्याही डोक्यात बसू शकतो. त्यांच्याही बसला होता.

आता मुलाचा अर्ज भरायचा आहे. परवा तो लॅपटॉप घेऊन बसला होता, वंशाच्या पानावर आला, 'एशियन' आणि त्याखाली 'इंडियन' अशी खूण केली आणि पुढे सरकला, दोन सेकंदांत. मला त्या पानावर आणखी एक प्रश्न हवा होता: घरातून निघाल्यापासून वर्गात बसेपर्यंत किती वेळ लागतो, आणि कशानं येता. त्याला सांगितलं तर हसला, म्हणाला, "आई, हे कोण विचारतं?"

त्याचं उत्तर आठ मिनिटं असेल, माझ्या गाडीनं, आणि ती आठही मिनिटं तो फोनमध्ये असेल.